ताटलीतून उचललेली गोळी

मुलीच्या बाळंतपणात मी तिची एक गोळी परस्पर बंद केली. कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. त्यापायी पुढं कित्येक दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. आमच्या नात्यागोत्यात ही हकिकत 'बाळंतपणात कावीळ झाली होती, पण दैव बलवत्तर म्हणून निभावलं' एवढ्या एका वाक्यात सांगितली जाते, आणि सांगणारी बहुतेक वेळा मीच असते. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

मी तीस वर्षं म्हैसूरच्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी शिकवायची खोड गेली नाही. भाजीवाल्याला टोमॅटो हे फळ कसं ते सांगते. आमचं घराणं इथं पाच पिढ्यांचं, त्यामुळं घरातल्या मराठीत निम्मं कन्नड. जावई महाराष्ट्रातले. नोकरीसाठी दहा वर्षांपूर्वी इकडं आले, इथल्याच हेब्बाळ भागातल्या कंपनीत आहेत. मी आणि लेक बोलायला लागलो की ते अधूनमधून हात वर करून विचारतात, "आई, हे शेवटचं वाक्य कोणत्या भाषेतलं होतं?" माणूस शांत, मोजकं बोलणारा. मला आधीपासून आवडतो, आणि त्यांच्यासमोर आपण कमी पडू नये असं मला फार वाटतं. हा माझा दोष पुढं नडला.

लेकीला दिवस गेल्यावर जी नेहमीची रक्ततपासणी होते, तिच्यात हेपॅटायटिस बी निघाला. तिला कधी साधी कावीळ झाली नव्हती, ना कधी कुणाचं रक्त घेतलं होतं. लिव्हरच्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्या चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या बाई. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या आईची तपासणी झाली आहे का?" मी शेजारीच बसले होते. चार दिवसांनी माझाही रिपोर्ट आला. माझ्याकडूनच गेलेला. माझ्यात कुठून आला देवाला ठाऊक. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली.

मी डॉक्टरांशी वाद घातला. म्हटलं, माझं यकृत ठणठणीत आहे, मग हा विषाणू इतकी वर्षं आत करतो काय? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टीचर, हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. तो त्यांच्यात राहतो, नुसता वाढतो. पेशी मारते ती आपलीच प्रतिकारशक्ती, त्याला हुसकायच्या नादात. मोठ्या माणसाला लागण झाली तर शरीर त्याला लगेच ओळखतं, कावीळ होते, आणि बहुतेकांच्या अंगातून तो निघून जातो. पण जन्मतानाच आईकडून आला तर त्या कोवळ्या शरीराला तो परका वाटतच नाही. घरचाच समजून त्याला राहू देतं. अशी वर्षानुवर्षं जातात. मग कधीतरी प्रतिकारशक्तीला जाग येते, ती हल्ला करते, थकते, परत करते. यकृत खराब होतं ते त्या मारामारीत." माझ्या शरीरानं कधीतरी, मला पत्ता लागू न देता, त्याला दाबून गप्प बसवलं असावं. लेकीच्या रक्तात मात्र तो प्रचंड संख्येनं होता. तिच्या शरीरानं अजून त्याच्याकडं वळून पाहिलंच नव्हतं.

तीस वर्षं मी फळ्यावर प्रतिकारशक्तीची आकृती काढली. पांढऱ्या पेशी म्हणजे आपले रक्षक, असं मुलांकडून पाठ करून घेतलं. रक्षक राखायचं घरच फोडून टाकतात, हे धड्यात नव्हतं. मला त्या दिवशी राग आला होता, आणि रागाच्या भरात मी निम्मंच ऐकलं.

सातव्या महिन्यात तिला रोज एक गोळी सुरू झाली. आईच्या रक्तातला विषाणू कमी झाला की बाळंत होताना बाळाला लागण होण्याची भीती उरत नाही, म्हणून. जन्मल्या जन्मल्या बाळाच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. ते सगळं व्यवस्थित झालं. मुलगी झाली, माझ्या आईच्या हनुवटीची. डॉक्टरबाई बघायला आल्या तेव्हा मला बजावून गेल्या, "गोळी मी सांगेपर्यंत थांबवायची नाही. अंगावरचं दूध चालेल. सहा आठवड्यांनी रक्त तपासायला या." मी मान डोलावली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम. माहेर गावातच असलं म्हणून काय झालं! त्यांचा फ्लॅट येलवालच्या बाजूला, माझं घर जुन्या गावात, अर्ध्या तासाचं अंतर. तरी बॅगा भरून ती आली. हे गेल्यापासून घरात मी एकटी होते, मला तर उधाणच आलं. लष्कर मोहल्ल्यातल्या जुन्या दुकानातून काढ्याचं सामान आणलं, डिंकाचे लाडू केले, आळीव भिजवले. खोलीचे पडदे लावले, वारा लागू नये म्हणून. रोज सकाळी तेल-हळद लावून अंग चोळायचं, गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग शेक. हळद मी जरा सढळ हातानंच लावत होते. माझी आई तशीच लावायची.

सकाळी एका स्टीलच्या ताटलीत मी तिचं सगळं मांडून न्यायचे. काढ्याची वाटी, लाडू, लोहाची लाल गोळी, कॅल्शियमची पांढरी गोळी आणि ही विषाणूची, तीही पांढरी. रात्रभर बाळापायी जागून ती इतकी पेंगुळलेली असायची की हात पुढं करायची आणि गिळून टाकायची.

बारशानंतर बाळ दूध ओकायला लागलं. सगळीच बाळं ओकतात, मलाही माहीत आहे. पण माझ्या डोक्यात ती गोळी घुसली. डबीतला कागद उलगडून चष्मा लावून वाचला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, औषध थोडं दुधात उतरतं. झालं. आजकालच्या डॉक्टरांना काय, गोळ्या लिहून द्यायला हात शिवशिवत असतात. गोळी कशासाठी होती? बाळाला लागण होऊ नये म्हणून. बाळ झालं, त्याला लस टोचली. मग आता ही कशाला? मी मनाशी अगदी पेपर सोडवल्यासारखा युक्तिवाद केला आणि स्वतःला पैकीच्या पैकी मार्क दिले. दुसऱ्या दिवशी ताटलीतून ती गोळी उचलली. डबी माझ्या कपाटात साड्यांच्या मागं ठेवली. लेकीला सांगितलं असतं तर तिनं डॉक्टरांना फोन केला असता. तेच मला नको होतं.

सहा आठवड्यांची रक्ततपासणीही मीच पुढं ढकलली. "ओली बाळंतीण, उन्हावाऱ्यात कुठं नेता? तीन महिने होऊ देत की," असं जावयांना म्हणाले. त्यांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग माझ्यावर सोडलं.

दहाव्या आठवड्याच्या सुमाराला ती जेवेनाशी झाली. लाडू बघितला की तोंड फिरवायची. "आई, साकु ग, नको आता," म्हणून ताटली बाजूला सारायची. दिवसभर झोप. मी म्हटलं, बाळंतिणीला झोप येणारच. "सुम्ने पड तू, अगदी गप, बाळाला मी बघते." अंग पिवळट दिसत होतं, पण रोज हळद लावल्यावर कुणाचं दिसणार नाही? उशीचे अभ्रे पिवळे, पंचा पिवळा, माझ्या हाताची नखं पिवळी. तिच्या अंगावरचा रंग माझ्या हातचा आहे असंच मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी जावई आले. बाळाला कोवळं ऊन दाखवायचं म्हणून त्यांनी हट्टानं दोघींना गॅलरीत नेलं. मी आत चहा गाळत होते. बाहेरून आवाज आला, "आई, जरा इकडं या." आवाज वेगळाच होता. मी गेले. लेक खुर्चीत डोकं टेकून बसली होती, उन्हाकडं तोंड करून, आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग लिंबासारखा पिवळा होता. डोळ्यांत मी हळद घातली नव्हती.

तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो. बाळाला शेजारच्या वहिनींकडं ठेवलं. रविवार असूनही डॉक्टरबाई आल्या. त्यांनी लेकीला हात पुढं धरायला लावले, बोटं थरथरतात का पाहिलं, आजचा वार विचारला. तिनं थांबून थांबून बरोबर सांगितला. मग त्यांनी विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

लेक डोळे मिटूनच म्हणाली, "हो. आई देते रोज."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. जावयांनीही पाहिलं. पलंगाच्या पायथ्याशी मी पर्स पोटाशी धरून उभी होते.

"हो," मी म्हणाले. "रोज देते."

किती सहज आलं तोंडातून! त्यावेळी मला वाटलं, आत्ता या गडबडीत कशाला, सावकाशीनं सांगू. पण एकदा 'हो' म्हटलं की ते मागं घ्यायची वेळ दर तासाला अवघड होत जाते. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आले. यकृताचे आकडे, जे चाळिशीच्या आत असायला हवेत, ते हजाराच्या वर. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढलेला. काढा ताबडतोब बंद करायला सांगितला, त्याची पुडी तपासणीला मागवली. मी ती इतक्या तत्परतेनं आणून दिली की जणू सगळा दोष त्या पुडीतच बांधलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे आणखी बिघडले. लेक जागी होती, पण बोलताना शब्द शोधत होती. बाळाचं नाव आठवायला तिला क्षणभर लागला, आणि जावई खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना व्हरांड्यात बोलावलं.

"विषाणू किती आहे ते बघायला रक्त पाठवलंय, त्याचा रिपोर्ट परवा येईल," त्या म्हणाल्या. "पण ती गोळी अखंड घेत असेल तर विषाणू दबलेलाच असणार. मग हे काय आहे? गरोदरपणात शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती थोडी आवरून धरतं, कारण पोटातलं बाळ अर्धं परकं असतं, त्याला सांभाळायचं असतं. बाळंत झाल्यावर ती शक्ती परत उसळून येते. काही बायकांमध्ये अशा वेळी ती चुकून स्वतःच्याच यकृतावर उठते, विषाणूचा काही संबंध नसताना. मला तीच शंका आहे. तसं असेल तर स्टेरॉइड देऊन तिला दाबावं लागतं. परवापर्यंत थांबायची माझी तयारी नाही. आज दुपारचा रक्ताचा आकडा बिघडला तर संध्याकाळी सुरू करीन."

जावयांनी विचारलं, "आणि विषाणूमुळंच असेल तर?"

"तर स्टेरॉइड धोक्याचं. प्रतिकारशक्ती दाबली की विषाणूला मोकळं रान मिळतं. पण गोळी चालू आहे म्हणून तर मी हा विचार करतेय."

त्या गेल्या. मला एकेक पायरी लख्ख दिसत होती, इतकी वर्षं मुलांना समजावत होते तशी. गोळी थांबली, विषाणू मोकळा सुटला, बाळंतपणानंतर प्रतिकारशक्ती जागी झाली, तिला तो जिकडंतिकडं दिसला आणि तिनं घर फोडायला घेतलं. म्हणजे आत जी मारामारी चालली होती ती विषाणूशीच होती. आणि आता माझ्या एका 'हो'वर विसंबून ते लढणाऱ्यांचे हात बांधणार होते, तेही विषाणू पुरा मोकळा असताना. हे त्या हॉस्पिटलात फक्त एका माणसाला माहीत होतं.

तेवढ्यात नर्स आली. "घरच्या गोळ्यांची डबी आणा, इथूनच देऊ." जावई लगेच म्हणाले, "मी जाऊन आणतो. कुठं ठेवली आहे?"

"तुम्हाला सापडायची नाही," मी म्हणाले. "मीच जाते."

रिक्षातून घरी गेले. कपाट उघडलं, साड्यांमागून डबी काढली. हलवली तर भरगच्च वाजली. डबीवर सुरू केल्याची तारीख लेकीच्या अक्षरात होती, कुणीही मोजलं असतं तर कळलं असतं. मी मोरीत गेले. खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते: मी डबीचं झाकण काढलं आणि जास्तीच्या गोळ्या तळहातावर ओतल्या. नळ सोडला की काम झालं असतं. डबीत मोजक्याच राहिल्या असत्या आणि माझं 'हो' खरं ठरलं असतं. त्या गोळ्यांकडं बघत किती वेळ उभी होते सांगता येत नाही. मला माझीच शिसारी आली. आतापर्यंत मी स्वतःला चुकलेली बाई समजत होते, त्या मोरीत कळलं की मी त्याहून वाईटही होऊ शकते. गोळ्या परत डबीत भरल्या. दोन खाली पडल्या, त्याही उचलल्या.

परत आले तेव्हा दुपार टळत आली होती. दुपारचा रिपोर्ट आला होता आणि बिघडलेलाच होता. लेकीच्या पलंगाशी डॉक्टरबाई फाइलमध्ये काहीतरी लिहीत होत्या, जावई शेजारी उभे. मी ठरवून आले होते की त्यांना बाजूला घेऊन, एकटीला सांगायचं. पण त्या लिहीत होत्या. पेन चाललं होतं. मी तिथंच, जावयांच्या देखत, कन्नडमधून बोलायला लागले.

का, ते सांगते. डॉक्टरांची भाषा ती म्हणून नव्हे. माझ्या मनात साधा हिशेब होता की जावयांचं कन्नड रिक्षा आणि भाजी एवढ्यापुरतं आहे, मी भरभर बोलले तर त्यांना कळणार नाही. मरणाच्या दारात लेक पडलेली आणि मी अजून तोंड लपवायला भाषा शोधत होते.

"मेडम, मात्रे नानु निल्लिसिदे," मी म्हणाले. गोळी मी थांबवली. "अवळिगे गोत्तिल्ला." तिला माहीत नाही.

पेन थांबलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "यावाग?" केव्हा?

"बारशानंतर," मी म्हणाले, आणि हे मात्र मराठीत आलं.

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली, नर्सला हाक मारली, फाइलमधलं लिहिलेलं एका रेघेनं खोडलं आणि भराभर सूचना दिल्या. स्टेरॉइड नाही. विषाणूची गोळी आत्ताच्या आत्ता. विषाणूचा रिपोर्ट आजच मिळतो का बघा. मोठ्या हॉस्पिटलला कळवून ठेवा, यकृत बदलायची वेळ आली तर. मग मला म्हणाल्या, "टीचर, आज सांगितलंत म्हणून. उद्या सांगितलं असतंत तर ऐकून मी काय केलं असतं मला माहीत नाही."

जावई माझ्याकडं बघत होते. मात्रे म्हणजे गोळी, हे दहा वर्षं इथल्या औषधाच्या दुकानांतून खरेदी करणाऱ्या माणसाला कळत नसेल असं मला वाटलंच कसं? त्यांनी लेकीच्या अंगावरची चादर नीट केली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. मी मागोमाग गेले. म्हटलं, "माझी चूक झाली. मला वाटलं बाळाला..."

"आई," ते मला थांबवत म्हणाले, "आत्ता नको. आत्ता मला काही ऐकू येत नाहीये."

पुढचे दिवस आम्ही त्या बाकावर दोन टोकांना बसलो. विषाणूचा रिपोर्ट आला, आकडा एवढा मोठा की शून्यं मोजावी लागली. गोळीनं विषाणूचं वाढणं थांबतं, पण सुरू झालेली मारामारी गोळीच्या हातात नसते. डॉक्टर म्हणाल्या, आता तिच्या यकृतात किती दम उरलाय त्यावर सगळं. विषाणूनं भरलेल्या पेशी प्रतिकारशक्ती मारतच राहणार. त्या मरताना उरलेलं यकृत टिकलं, तर हाच हल्ला पुढं तिच्या कामी येईल, विषाणू कायमचा नरम पडेल. नाही टिकलं तर बदलावं लागेल. "एकाच गोष्टीनं ती वाचेलही आणि जाईलही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "माझ्या यकृताचा तुकडा?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. तोच विषाणू माझ्यातही होता.

दर सकाळी रक्त न्यायचे आणि आम्ही दुपारपर्यंत वाट बघायचो. एकदा आकडे एकदम निम्म्यावर आले म्हणून मी आनंदानं उभी राहिले, तर डॉक्टर म्हणाल्या, बसा, हे वाईटही असू शकतं, मरायला पेशीच उरल्या नाहीत तरी आकडा उतरतो. रक्त गोठायचा वेळ बघू द्या. तो जागच्या जागी होता. बसले. चौथ्या दिवशी तो किंचित सुधारला. पाचव्या दिवशी आणखी थोडा. सहाव्या दिवशी लेकीनं सकाळी डोळे उघडले आणि विचारलं, "बाळ कुणाकडं आहे? वहिनींकडं? त्या टीव्ही लावून ठेवतात ग दिवसभर." जावई हसले आणि हसताहसता रडले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

संध्याकाळी मी जावयांना विचारलं, "तुम्ही तिला सांगितलंत?"

"नाही."

"सांगणार?"

"ते तुमचं आहे, आई. मी नाही सांगणार. पण तिला कळायला हवं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी मी सांगितलं. ती उशांना टेकून बसली होती, डोळ्यांत अजून पिवळट झाक, गालफडं बसलेली. मी सगळं सांगितलं, बाळाचं ओकणं, डबीतला कागद, साड्यांच्या मागची डबी, मोरीसुद्धा. शेवटी म्हटलं, "तुझ्या नि बाळाच्या काळजीपोटी केलं ग. मला वाटलं मला कळतं."

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. दोन्हीची तयारी करून आले होते.

"गोळी माझ्यासाठी बंद केलीस, ते कळलं मला," ती म्हणाली. "वेडेपणा केलास, पण तू तशीच आहेस. पण आई, मी इथं आले त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, आणि तू 'हो' म्हणालीस. ते कुणासाठी म्हणालीस?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. उत्तरं पुष्कळ सुचली, गडबड होती, तू घाबरली असतीस, जावई समोर होते. ती माझ्याकडं बघत होती.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला ते आधीच माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग ती हळूच म्हणाली, "आई, उद्या मी येलवालला जाते. आमच्या घरी. बाळालाही तिकडंच आणतील हे. थोडे दिवस तू येऊ नकोस."

"तीन महिने पुरे व्हायला आठवडा राहिलाय," मी म्हणाले. काय बोलतेय ते माझं मलाच कळत नव्हतं.

"हो," ती म्हणाली, "माहीत आहे."

मी घरी आले, पडदे उघडले आणि तिची बॅग भरायला घेतली.